लेबलाखालची ओळ

मुंबईच्या एका होलसेलवाल्यानं मला फसवलं. आणि मी नांदुऱ्याच्या शोभाला फसवलं. त्यानं जाणूनबुजून, मी तोऱ्यात. या दोन फसवणुकींच्या मध्ये एका म्हाताऱ्या गुरुजींचा हात सापडला, म्हणून लिहायला बसले. नाहीतर मी भांडून मोकळी होणारी बाई आहे.

नांदुऱ्याच्या पुढे, पूर्णा नदीच्या अंगाला, एका गावात वानखडे गुरुजींच्या ओसरीवर मी उकिडवी बसले होते. समोर प्लास्टिकची बादली. बादलीत पावडर आणि पाणी. मी फेटत होते. मिश्रण श्रीखंडासारखं व्हायला हवं, मग त्यात हात बुडवायचा, मग ते सावकाश जमून जेलीसारखं होतं. हे माझं रोजचं काम. पण त्या दिवशी मी फेटत असतानाच बादलीत गुठळ्या धरायला लागल्या. फाटलेल्या दुधासारख्या. मी घाईनं गुरुजींचा उजवा हात धरला आणि आत दाबला. बोटांच्या पेरांपर्यंत गेला आणि अडकला. त्यांचा हात थरथरत होता. त्या थरथरीनं जमत आलेलं सगळं फाटलं.

गुरुजींनी हात बाहेर काढला. गुलाबी चिंध्या बोटांना चिकटलेल्या. त्या त्यांनी डाव्या हातानं एकेक काढल्या आणि बादलीत टाकल्या. मग म्हणाले, “माझ्या हातानंच घात केला, सुमन. तुझी मेहनत फुकट गेली.”

मी म्हटलं, पुन्हा करू, पावडर आहे. त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा ते तयारच होईनात. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला माहीत होतं की दोष त्यांच्या हाताचा नाही. हात आत जायच्या आधीच ते बिघडलं होतं. पण मग दोष कशाचा, ते मला सांगता येईना. कारण न सांगता “तुमचा दोष नाही” म्हटलं, की ते नुसतं सांत्वन होतं. गुरुजींना सांत्वन चालत नाही. जन्मभर त्यांनी पोरांना कारण विचारलं.

माझं दुकान देऊळगाव राजाला बसस्टँडजवळ आहे. साच्याचं सामान विकते. मेणबत्त्या, साबण, छोट्या मूर्ती, रेझिनच्या किचेन, बाळाच्या हातापायाचे ठसे, असं घरबसल्या काम करणाऱ्या बायका माझ्या गिऱ्हाईक. क्लासही घेते. दहावी नापास आहे, पण कोणतं मटेरियल कशाला, हे मला विचारायला बायका जालन्याहून येतात.

गिऱ्हाईक आलं की मी आधी दोन प्रश्न विचारते. काय ओतणार? आणि कशाभोवती ओतणार? मेण, साबण ओतायचा असेल तर सिलिकॉन रबराचा साचा घ्या. महाग पडतो, पण लवचीक असतो आणि एका साच्यातून ढिगानं नग निघतात. प्लास्टर ओतून मूर्ती करायची तर लॅटेक्सही चालतं, पण ते थरावर थर देत वाळवावं लागतं, घाई असणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. आणि जिवंत माणसाचा हात असेल, तर यातलं काहीच नको. प्लास्टर जमताना तापतं. पातळ थरात कळत नाही, जाड थरात हात भाजतो. सिलिकॉन जमायला वेळ लागतो आणि केस धरून ठेवतं. हातासाठी एकच वस्तू, अल्जिनेट. समुद्रातल्या शेवाळापासून करतात. दाताचा डॉक्टर कवळीचं माप घ्यायला तोंडात गुलाबी लगदा भरतो ना, तेच. कातडीला काही होत नाही, रेषान् रेष उठते. खोट एवढीच की साचा एकदाच वापरता येतो, आणि लगेच त्यात प्लास्टर ओतावं लागतं. वाळला की आकसतो.

त्यातही दोन जाती. दातवाल्यांची झटपट जमणारी, आणि हातापायासाठी सावकाश जमणारी, चार-पाच मिनिटं घेणारी. मी सावकाशवाली आणली होती. गुरुजींचा हात थरथरतो हे माहीत होतं, म्हणून वाटलं, जास्त वेळ मिळाला तर बरं. हा विचारच उलटा होता. पण ते पुढे येईल.

गुरुजींना मी ओळखते ती खडूमुळे. लग्नानंतर नवऱ्याची कमाई नव्हती, तेव्हा मी खडूचे साचे आणले आणि घरी खडू पाडायला लागले. खडू म्हणजे दुसरं काही नाही, साच्यात ओतलेलं प्लास्टर. पहिली पेटी घेऊन मी तालुक्यातल्या शाळा हिंडले. सगळीकडे नकार. शेवटची शाळा वानखडे गुरुजींची. तेव्हा ते आमच्या भागात हेडमास्तर होते. मी उन्हातून चालत आले होते. त्यांनी माठातलं पाणी पेल्यात घेतलं, माझ्यापुढे धरलं, आणि एक क्षण थांबले. त्या थांबण्याचा अर्थ आमच्याकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. ते बौद्ध, आमचं घर कुणब्याचं. मी प्याले. दुसरा पेला मागून घेतला. त्यांनी पेटी ठेवून घेतली.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेले तर पेटीतले चार-पाच खडू टेबलावर काढून ठेवलेले. म्हणाले, “हे लिहत नाहीत. फळ्यावर ओरखडे पाडतात.” माझं तोंड उतरलं. वाटलं, पेटी परत. तर ते म्हणाले, “प्लास्टर घट्ट कालवतेस. खडूत पाणी कमी पडतंय. पाणी वाढव, खडू मऊ होईल.” मी पाणी वाढवलं. त्यानंतर त्या शाळेला आणि आजूबाजूच्या शाळांना खडू माझाच गेला. पेटी परत करणं सोपं होतं. त्यांनी कारण सांगितलं. माझा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा आहे, हे मी कुणाला सांगत नाही, आज सांगते.

पुढे शाळांमध्ये पांढरे फळे आले, खडू संपला. मी मेणबत्तीकडे वळले, मग साच्यांकडे. गुरुजी निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. मग काकूंचा फोन आला. गुरुजींना कंपवात झाला होता. हात थरथरायचाच, आता बोटंही आखडत चालली होती. काकू म्हणाल्या, “सुमन, डॉक्टर म्हणते की बोटं अशीच मिटत जातीन. मले त्याईचा हात पाह्यजे. खडू धरलेला. मिटायच्या आत.”

मी दुसरं काम बाजूला ठेवलं. खरा खडू चालणार नव्हता, कारण ओल्या मिश्रणात तो भिजून मऊ होतो. म्हणून माझे जुने खडूचे साचे माळ्यावरून काढले आणि त्यात मेणाचा खडू पाडला. पावडर घरी तीनदा घड्याळ लावून तपासली. चार मिनिटांवर जमत होती. सगळं सामान घेतलं. पाणी मात्र घेतलं नाही. पिशवीत बाटली होती, तीही नांदुऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर रिकामी केली. त्या घरात स्वतःचं पाणी घेऊन जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. कारण वर सांगितलंच.

तर त्या ओसरीवरून मी रिकाम्या हातानं निघाले. गाडीत बसले आणि डोकं तापलं. नांदुऱ्याला उतरल्या उतरल्या होलसेलवाल्याला फोन लावला. त्याला म्हटलं, तू सावकाशवाली म्हणून दातवाली पावडर गळ्यात मारलीस. तो शांतपणे म्हणाला की माल बरोबर आहे, इतर कुणाची तक्रार नाही. मी आवाज चढवला. तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, मग तुमच्या त्या लोकांच्या पाण्यातच खोट असेल.”

मी स्टँडवर उभी होते. त्याला काय माहीत, ही लोकं कोण आणि पाणी कुठलं. पण मला ते वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं. “कुणाच्या पाण्यात खोट? तोंड सांभाळून बोल,” म्हटलं, आणि पुढे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रसवंतीवाला घुंगरांचा चरक थांबवून बघत राहिला. होलसेलवाल्यानं फोन ठेवला.

राग उतरला की मी हिशेबी होते. बाकावर बसले आणि त्या वाक्यातला अपमान बाजूला काढून बघितलं, तर खाली एक गोष्ट उरत होती. देऊळगावला मी नळाचं, धरणाचं पाणी वापरलं. इथे बोअरचं. पूर्णेकाठचा हा सगळा पट्टा खारपाणपट्टा, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मला त्याचा संबंध जोडायचं सुचलं नव्हतं. आणि मग शोभा आठवली.

शोभा नांदुऱ्याचीच. माझ्या क्लासला आली होती, बाळांचे ठसे घेण्याचं काम करते. पावडर माझ्याकडूनच न्यायची. काही महिन्यांपूर्वी तिचा फोन आला होता की ताई, पावडर लवकर जमते. मी गिऱ्हाइकाच्या घाईत होते. तिला म्हटलं, पावडर नाही, तुझा हात बसलेला नाही अजून, जोर लावून फेटत जा. तिनं पुन्हा एकदा फोन केला, तेव्हाही तेच. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं.

मी तिच्या घरी गेले. ती साबणाचे साचे धुत होती. मला पाहून उठली, पाणी आणलं, बसायला दिलं. मी काय झालं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, मी तुमाले तवाच सांगतलं होतं.”

मी म्हटलं, हो.

“तुम्ही म्हणल्या माह्या हातात दम नाई. मी चार दिवस रिकामीच बादली फेटून राह्यली होती, हात बसवाले. सासू म्हणे, येड लागलं काय बे हिले.” ती हसली. मला हसता आलं नाही. मग म्हणाली, “अकोल्याहून एका लेकराले आणलं होतं, एका दिवसासाठी. त्याच्या आजीनं. तो ठसा बिघडला. ते लेकरू परत काही आलं नाई.”

“मग आता कसं करतेस?”

“जारचं पाणी घेते. बोअरचं नाई. माह्यं मीच शोधलं.”

तिनं दोन स्टीलच्या ताटल्या आणल्या. माझ्याच पिशवीतली पावडर दोन्हींत सारखी टाकली. एकीत बोअरचं पाणी, एकीत जारचं, म्हणजे फिल्टर केलेलं, जे तिथे लोक पिण्यासाठी विकत घेतात. दोघी घड्याळ घेऊन बसलो. बोअरवाली ताटली सव्वा मिनिटात घट्ट. जारवालीत चार मिनिटं होऊन गेली तरी बोट बुडत होतं. खाऱ्या पाण्यात चुनखडीसारखे क्षार असतात. अल्जिनेट जमतं तेच मुळी चुन्याच्या जातीच्या क्षारामुळे. पाण्यातच तो फुकट मिळाला की पावडर वाट बघत नाही.

मी डोक्याला हात लावला. शोभा म्हणाली, थांबा, अजून एक आहे. पावडरच्या पिशवीवर होलसेलवाल्याचं स्वतःच्या दुकानाचं लेबल असतं, मोठं, पिवळं. तिनं ओलं फडकं त्यावर ठेवलं, थोड्या वेळानं नखानं सोललं. खाली कंपनीची इंग्रजी छपाई. शोभा बी.ए. आहे, तिनं वाचून दाखवलं. मऊ किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरावं, क्षारांच्या पाण्यात पावडर फार लवकर जमते. बारीक अक्षरात, पण चौकटीत.

“हे तू कधी पाहिलंस?”

“मागच्या पिशवीचं लेबल पाण्यानं आपोआप निघालं, तवा.”

“मला का नाही सांगितलं?”

ती साच्याला कपडा लावत म्हणाली, “दोनदा सांगून पाह्यलं होतं.”

मी तिला म्हटलं, “चूक माझी होती, शोभा. तुझा हात चांगला आहे.” तिनं नुसतं “हाव” म्हटलं आणि चहा ठेवला. मला ते बरं वाटलं. फार काही म्हणाली असती तर अवघड झालं असतं.

चहा पिताना पुढचा प्रश्न आला. आता गुरुजींकडे परत जायचं, तर जारचं पाणी वापरायचं. पावडर चार मिनिटं घेणार. तो हात चार मिनिटं स्थिर राहील का? काकूंना फोन केला आणि विचारलं की दिवसातून कोणत्या वेळी हात कमी हलतो. त्या म्हणाल्या की वेळ अशी नाही. रिकामा असला की हलतो. “पण लिहाले बसले की नाई हलत. काय लिहतीन ते, एक ओळ. तेवढा वेळ थांबते बिचारा हात. मंग पुन्हा सुरू.”

एक ओळ म्हणजे किती, विचारलं. काकूंनी गुरुजींना पाटी देऊन बघितलं आणि सांगितलं, अर्धं मिनिट, फार तर पाऊण.

म्हणजे मला चार मिनिटं नकोच होती. मला झटपट जमणारीच पावडर हवी होती. थरथरत्या हाताला सावकाश मटेरियल देणं हीच चूक. आणि झटपट जमवणारी वस्तू गुरुजींच्या अंगणात बोअरला फुकट मिळत होती. फक्त सव्वा मिनिटात कालवणं, ओतणं आणि जमणं, तिन्ही बसत नव्हतं. शोभा म्हणाली, दोन्ही पाणी मिसळून पहा. आम्ही दुपारभर ताटल्या मांडल्या. निम्मं बोअरचं, निम्मं जारचं, म्हणजे पावणेदोन मिनिटं. त्यात एक मिनिट कालवायला, आणि उरलेलं पाऊण मिनिट ओतायला आणि जमायला, तेवढंच गुरुजींचं.

चार दिवसांनी पुन्हा गेले. शोभालाही बरोबर घेतलं. कालवायला ड्रिल मशीनला लावायचं फेटणं घेतलं. गुरुजी खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, वरून उपरणं टाकलेलं. हात झाकून बसले होते.

मी म्हटलं, “गुरुजी, मागच्या वेळी दोष तुमच्या हाताचा नव्हता.”

“मग कुणाचा?”

पुरुषांच्या बाजारात मी कुणाला ऐकत नाही, पण त्या घरात उभं राहून “तुमच्या पाण्याचा” हा शब्द मला उच्चारता येईना. शोभाकडे पाहिलं, तर ती बादलीकडे बघत होती. गुरुजींनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

“पाण्याचा ना?” ते म्हणाले. “मग बोल की.”

मी सांगितलं. क्षार, चुना, पावडर, शेवाळ, सगळं. बोअरचं पाणी, जारचं पाणी, घड्याळ. लेबलाखालची ओळही सांगितली. त्यांनी मध्येच दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर जागी. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्या पाण्याला नावं ठेवणारी तू काही पहिली नाहीस, सुमन. पण कारण सांगणारी पहिली.”

आणि उपरणं बाजूला केलं.

काकू आतून म्हणाल्या, “या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाई, दोन-दोन शिट्ट्या जास्त लागते. अन् हिची पावडर पहा, एका मिनिटात शिजते.” गुरुजी हसले. त्या ओसरीवर पहिल्यांदा.

या वेळी पद्धत बदलली. आधी मिश्रण करून त्यात हात बुडवायचा नाही. हात आधी रिकाम्या बादलीत ठेवायचा आणि मिश्रण भोवती ओतायचं. बादलीच्या तळाला मी पाटीचा एक तुकडा ठेवला. गुरुजींच्या बोटांत मेणाचा खडू दिला आणि खडूचं टोक पाटीला टेकवलं. हात हलतच होता. खडू पाटीवर टकटक वाजत होता.

गुरुजी म्हणाले, “सुमन, हा खडू लिहत नाही.”

“मेणाचा आहे, गुरुजी.”

“तुझ्या पहिल्या पेटीतले तरी कुठं लिहत होते.”

काकूंना हा किस्सा माहीत असावा, त्यांनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, सांगेन तेव्हा लिहायला सुरुवात करा, उठलं नाही तरी चालेल. शोभानं दोन्ही पाणी मापानं मिसळलं. मी पावडर टाकली, ड्रिल चालवलं, मनात साठ आकडे मोजले. “लिहा.”

टकटक थांबली. मी ओतायला सुरुवात केली. बोटं, मग पंजा, मग मनगट गुलाबी लगद्याखाली गेलं. काकू मागे उभ्या राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून होत्या. गुरुजी खाली बादलीकडे बघत होते, फळ्याकडे बघावं तसे. शोभानं कडेला बोट लावून पाहिलं आणि मान हलवली. जमलं. त्यानंतर चार-पाच सेकंदांनी मनगट पुन्हा थरथरायला लागलं, पण आतला हात आता साच्यात होता.

बोटं आत किंचित हलवा, म्हटलं. हवा शिरली, हात फस्स आवाज करून बाहेर आला. खडू आतच राहिला, तो मी चिमट्यानं काढला. लगेच दगडी, म्हणजे जास्त कडक जमणारं प्लास्टर कालवलं, जारच्याच पाण्यात, कारण मीठ असलं की प्लास्टरही घाई करतं. आधी पातळ, थोडंसं, बादली तिरकी फिरवत, म्हणजे बोटांच्या टोकांना बुडबुडे राहत नाहीत. मग उरलेलं. तासभर थांबलो. काकूंनी भाकरी आणि ठेचा वाढला. मग मी साचा चाकूनं कापत, हातानं सोलत गेले.

आधी मनगट आलं. तिथे कडेला लाटेसारख्या दोन-तीन रेघा उठल्या होत्या. शेवटची थरथर साच्यात उतरली होती. मग पंजा. मग अंगठा, तर्जनी, आणि मध्ये खडू, तिरका, टोक सपाट, पाटीवर टेकलेला. तर्जनीच्या पेरावर एक बारीक खळगा होता. मला कळेना, बुडबुडा राहिला की काय. काकूंनी त्यावर बोट ठेवलं आणि गुरुजींचा खरा हात ओढून घेऊन त्यावर तीच जागा दाखवली. खडू धरून धरून पडलेला घट्टा, त्याच्या मध्ये खोलगट. मी इतकी वर्षं खडू विकले, खडूनं हाताला असं होतं हे मला माहीत नव्हतं.

मनगटाच्या रेघा पॉलिश पेपरनं घासून देते म्हटलं. काकू म्हणाल्या, “काऊन? त्याईनं काही चोरी केली काय, पुसून टाकाले?”

गुरुजींनी तो हात उलटसुलट करून पाहिला. काय लिहिलंत, मी विचारलं. “तारीख,” ते म्हणाले. “फळ्यावर आधी तारीख लिहायची असते.”

आता त्या होलसेलवाल्याकडे येते.

घरी आल्यावर मी उरलेल्या सगळ्या पिशव्यांची लेबलं भिजवून काढली. प्रत्येक पिशवीवर लेबल त्याच जागी, नेमकं त्याच चौकटीवर. मग त्याच्याकडून आलेले सिलिकॉनचे डबे, रेझिनच्या बाटल्या बघितल्या. त्यांच्यावर लेबल कोपऱ्यात, जिथे कोरी जागा आहे तिथे. पावडरच्या पिशवीवरही कोपरा कोराच आहे. त्याला फोन केला. आवाज न चढवता विचारलं. म्हणाला, कामगार लावतात, जिथे बसेल तिथे बसतं. मी म्हटलं, प्रत्येक पिशवीवर तिथेच कसं बसतं? तेव्हा म्हणाला, “मॅडम, तुम्ही रेट एवढा तोडता, आणि वर माहितीही पाहिजे?”

मी रेट तोडते. तोडणारच. पण मी तुझा रेट तोडला, तू माझ्या गिऱ्हाइकांची ओळ झाकलीस. खारं पाणी काही या एकाच जिल्ह्यात नसतं, ते लिहिलेलं वाचून कुणी पिशवी परत ठेवेल, एवढ्यासाठी तू ते झाकलंस. त्या लेबलाखाली अकोल्याच्या एका लेकराचा ठसा गेला, शोभाचे चार दिवस गेले, आणि एक म्हातारा माणूस चार दिवस आपला हात उपरण्याखाली झाकून बसला.

यातला माझा वाटा मी भरला. खारपाणपट्ट्यातल्या माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सांगितलं की पाणी तपासा, आणि आधी मी चुकीचं सांगितलं होतं. आता माझ्या दुकानातल्या प्रत्येक पिशवीवर ती ओळ मराठीत चिकटवलेली आहे. अक्षर शोभाचं. शिकवण विचाराल तर एवढीच, की मटेरियल घेताना पाणीही मटेरियलच धरा, आणि लेबल दिसलं की खाली नख घालून बघा.

राहिला तुझा वाटा. ते पिवळं लेबल त्या चौकटीवर लावायला कुणी सांगितलं, त्याचं नाव मला हवं आहे. माझं दुकान नऊला उघडतं, फोन मी स्वतः उचलते. रेटचं नंतर बोलू. आधी उत्तर दे.